जत-विजापूर-मिरज पट्ट्याचे सुभेदार : तरफदारापासून राज्यपालापर्यंत

सुभेदार, किल्लेदार, इनामदार, काझी, हवालदार, जमादार, मोकाशी, नाईकवाडी. जत, मिरज, सांगली, विजापूर, सोलापूर या पट्ट्यात ही आडनावं घरोघरी सापडतात, मुस्लिमांतही आणि हिंदूंतही. मुळात ही आडनावं नाहीत, हे हुद्दे आहेत. कुणाच्या तरी पणजोबाच्या पणजोबाला कुठल्या तरी सरकारनं दिलेलं हे काम. सरकार गेलं, काम गेलं, नाव मात्र रेशनकार्डावर राहिलं.

शाळेत इतिहास शिकवताना आम्हाला मुलं हमखास विचारतात, "सर, सुभेदार म्हणजे राजा का?" काही मुलं मोबाइलवर आलेला एखादा मेसेज दाखवतात. त्यात अमुक सुभेदार 'आपला' आणि तमुक 'त्यांचा' अशी वाटणी केलेली असते. या लेखात आम्ही आपल्या भागातल्या प्रांताधिकाऱ्यांचा इतिहास क्रमानं मांडतो आहोत. वाचून झाल्यावर पालकांनी मुलांना तो सोप्या भाषेत सांगावा, एवढीच अपेक्षा.

हा पट्टा कायम धुमसता का राहिला

नकाशात बघा. वरच्या बाजूला भीमा, खालच्या बाजूला कृष्णा, आणि मधे जतचं कोरडं माळरान. जतहून आजही सांगलीपेक्षा विजापूर (आताचं विजयपूर) जवळ पडतं. पश्चिमेला मिरज आणि पन्हाळ्याचे किल्ले, उत्तरेला मंगळवेढा आणि सोलापूर, पूर्वेला विजापूर. कोकणातली बंदरं आणि दख्खनच्या राजधान्या यांना जोडणाऱ्या वाटा याच भागातून जात. त्यामुळे जो कुणी दख्खनवर राज्य करू पाहायचा, त्याला हा पट्टा हाताशी हवाच असायचा. बहमनी, आदिलशाही, मोगल, मराठे, निजाम, इंग्रज, सगळे इथून गेले. सीमा बदलत राहिल्या, गावं जागच्या जागी राहिली.

अशा ठिकाणी बादशहा रोज येत नाही. त्याच्या नावानं जो माणूस वसुली करतो, फौज ठेवतो, न्याय देतो, तोच लोकांच्या दृष्टीनं सरकार असतो. तो माणूस म्हणजे प्रांताधिकारी. नाव दर काळात वेगळं : तरफदार, सुभेदार, नाझिम, सरसुभेदार, गव्हर्नर, राज्यपाल.

बहमनी काळ : चार तरफा, मग आठ

१३४७ साली अलाउद्दीन हसन बहमनशाहानं दिल्लीच्या सत्तेपासून वेगळं होऊन दख्खनमध्ये स्वतंत्र राज्य उभं केलं. राजधानी गुलबर्गा, पुढे बिदर. त्याचा मुलगा पहिला मुहम्मदशाह (१३५८ ते १३७५) यानं राज्याची चार मोठ्या प्रांतांत व्यवस्था लावली : गुलबर्गा, दौलताबाद, वऱ्हाड आणि बिदर. या प्रांताला म्हणायचे तरफ, आणि त्याच्या प्रमुखाला तरफदार. विजापूरचा मुलूख गुलबर्गा तरफेत येई. राजधानीचा प्रांत म्हणून या तरफदाराचा मान सर्वांत मोठा होता.

तरफदाराच्या हातात सगळंच होतं. महसूल तो गोळा करी, फौज तो ठेवी, किल्लेदार तोच नेमी. सुलतान मजबूत असेतोवर हे चालून गेलं. सुलतान दुबळा झाला की तरफदारच सुलतान व्हायला बघे. हा धोका ओळखला तो महमूद गावान या वजिरानं. इराणच्या गिलानहून आलेला हा माणूस विद्वान होता. बिदरचा १४७२ चा मदरसा त्याचाच. त्यानं चार तरफांच्या आठ केल्या आणि जुन्या गुलबर्गा तरफेतून विजापूरची वेगळी तरफ काढली. प्रत्येक तरफदाराकडे एकच किल्ला ठेवून बाकीचे किल्ले थेट सुलतानानं नेमलेल्या किल्लेदारांकडे दिले. काही महाल काढून खालसा, म्हणजे थेट दरबाराच्या ताब्यात घेतले. जमिनीची मोजणी करून सारा ठरवायला सुरुवात केली.

आजच्या भाषेत सांगायचं तर गावाननं प्रांताधिकाऱ्याच्या हातातली सत्ता वाटून टाकली. ज्यांचं नुकसान झालं त्यांनी गप्प बसावं असं थोडंच होणार? खोट्या पत्राचा कट रचला गेला आणि ५ एप्रिल १४८१ रोजी सुलतानाच्या हुकमानं गावानचा शिरच्छेद झाला. पत्र बनावट होतं हे नंतर उघडकीला आलं, पण उपयोग काय?

गावाननंतर दहा वर्षांच्या आत राज्य फुटायला लागलं. विजापूरचा तरफदार यूसुफ आदिलखान, जुन्नरकडचा मलिक अहमद, वऱ्हाडचा फतहुल्लाह इमादुल्मुल्क, हे १४९० च्या आसपास स्वतंत्र झाले. आदिलशाही, निजामशाही, इमादशाही ही नावं आपण पाठ करतो. या शाह्यांचे संस्थापक मुळात प्रांताधिकारी होते, हे मात्र मुलांच्या लक्षात राहत नाही.

याच धांदलीत आपल्या भागात बहादुर गिलानी नावाचा सरदार उठला. गोव्यात कोतवाल असलेल्या या माणसानं गोवा, दाभोळ, कोल्हापूर, पन्हाळा, मिरज हा सगळा पट्टा बळकावला आणि समुद्रात गुजरातच्या सुलतानाची जहाजं लुटली. गुजरातच्या महमूद बेगड्यानं तक्रार केल्यावर बहमनी सुलतान महमूदशाहाला स्वतः मोहीम काढावी लागली. १४९४ मध्ये बहादुर मारला गेला. मधल्या वर्षांत मिरजेच्या शेतकऱ्यानं सारा नेमका कुणाला द्यायचा, हा प्रश्न होताच.

आदिलशाही : विजापूरच्या सावलीतला मुलूख

आदिलशाहीची जवळजवळ दोनशे वर्षं (१४९० ते १६८६) आपल्या भागाची घडण करणारी ठरली. राजधानी इथून एका दिवसाच्या घोडदौडीवर. त्यामुळे जत-मिरज हा भाग दूरचा प्रांत नव्हता, दरबाराचं अंगण होता.

कारभाराची उतरंड साधारण अशी होती. गावात पाटील आणि कुलकर्णी. परगण्यावर देशमुख आणि देशपांडे. हे वतनदार, म्हणजे वंशपरंपरेचे. त्यांच्यावर सरकारी माणूस : हवालदार, ठाणेदार, मोकासदार. त्यांच्याही वर सुभा. खालची माणसं तीच राहायची, वरची बदलायची. न्यायासाठी काझी असे. वतनाच्या तंट्यात काझीबरोबर देशमुख, पाटील आणि गावातली जाणती माणसं मजलिसीत बसत आणि निवाड्याच्या कागदावर सर्वांची साक्ष पडे.

भाषेची गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. पहिला इब्राहिम आदिलशाह (१५३४ ते १५५८) यानं महसुलाचे हिशोब फारसीऐवजी इथल्या भाषेत ठेवायला लावले, असं इतिहासकार फरिश्ता नोंदवतो. आदिलशाहीचे कित्येक हुकूम फारसी आणि मराठी अशा दोन्ही भाषांत निघत. आज 'उर्दू शाळा की मराठी शाळा' यावर आपल्या घरात वाद होतात. त्या घरांना हे सांगायला हवं की या मातीत सरकारी कागद चारशे वर्षांपूर्वीही दोन भाषांत चालत होता.

या काळातले तीन प्रांताधिकारी समजून घेतले तर हुद्द्याचं स्वरूप ध्यानात येतं.

पहिला असदखान लारी, बेळगावचा. यूसुफच्या घराण्याची पिढ्यानपिढ्या चाकरी केलेला हा माणूस. बेळगावच्या किल्ल्यातली सफा मशीद त्यानं बांधली. एवढा निष्ठावान, तरी पहिल्या इब्राहिमच्या मनात त्याच्याविषयी वारंवार शंका भरवली गेली. १५४९ मध्ये तो वारला तेव्हा राजा आणि सुभेदार यांच्यातला संशयाचा खेळ कित्येक वर्षं चाललेला होता.

दुसरा रणदुल्लाखान. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरला त्याच्या नावाचा मकबरा आणि मशीद आहे. १६३६ च्या तहानंतर शहाजीराजे आदिलशाहीत आले, तेव्हा कर्नाटकच्या मोहिमेत ते आणि रणदुल्लाखान बरोबर होते. बंगळूर शहाजीराजांकडे आलं ते याच मोहिमांतून. म्हणजे शहाजीराजे हेही आदिलशाहीच्या वतीनं मोठा मुलूख सांभाळणारे सरदार होते.

तिसरा अफझलखान, वाईचा सुभेदार. १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाखाली तो मारला गेला, ते प्रत्येक मुलाला माहीत असतं. त्याचा वकील कृष्णाजी भास्कर होता आणि शिवाजी महाराजांच्या बरोबरच्या निवडक माणसांत सिद्दी इब्राहिम होता, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं. लढाई दोन सत्तांची होती. दोन्ही बाजूंना दोन्ही धर्मांचे लोक चाकरी करत होते.

१६५९ ते १६७७ : एका सुभेदाराचा जीव किती सुरक्षित?

अफझलखानाच्या मृत्यूनंतर महाराजांनी पन्हाळा घेतला. त्यांना अडवायला विजापूरहून आला रुस्तुमेजमान, म्हणजे रणदुल्लाखानाचा मुलगा. मिरज-कोल्हापूरपासून कारवारपर्यंतचा दक्षिण मुलूख त्याच्याकडे होता. २८ डिसेंबर १६५९ ला कोल्हापूरजवळ त्याचा पराभव झाला. तो मनापासून लढत नाही, त्याची शिवाजी महाराजांशी आतून दोस्ती आहे, असा संशय त्या काळच्या इंग्रज वखारवाल्यांच्या पत्रांतही दिसतो.

मग १६६० मध्ये कर्नूलचा सुभेदार सिद्दी जौहर याला सलाबतखान ही पदवी देऊन पन्हाळ्याला पाठवलं. वेढा कडक होता. तो फोडायला नेताजी पालकरांबरोबर सिद्दी हिलाल आणि त्याचा मुलगा सिद्दी वाहवाह लढले, त्यात मुलगा जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला. जुलैमध्ये महाराज वेढ्यातून निसटले. इतकी मेहनत करूनही सिद्दी जौहरवर फितुरीचा ठपका आला आणि दरबाराशी त्याचं बिनसलं ते कायमचंच.

यापुढची घटना थेट जत तालुक्यातली आहे. मार्च १६७३ मध्ये मराठ्यांनी पन्हाळा पुन्हा घेतला. तो परत मिळवायला आदिलशाही सेनापती बहलोलखान निघाला. प्रतापराव गुजरांनी त्याला आपल्या उमराणीजवळ गाठलं. महिना एप्रिलचा. जतचा एप्रिल काय असतो, ते इथल्या माणसाला सांगायला नको. प्रतापरावांनी पाण्याची जागा अडवली. माणसं, घोडी, हत्ती तहानेनं कासावीस झाले आणि बहलोलखानानं वाट मागितली. प्रतापरावांनी ती दिली. बहलोल पुन्हा उलटला, महाराजांनी प्रतापरावांना बोल लावला, आणि २४ फेब्रुवारी १६७४ ला नेसरीच्या खिंडीत प्रतापराव मोजक्या स्वारांनिशी लढून पडले.

नेसरीवर पोवाडे होतात, सिनेमे होतात. उमराणीत निर्णय पाण्यानं लावला, हे जतच्या मुलांनी तरी विसरू नये.

इकडे विजापुरात नोव्हेंबर १६७२ मध्ये दुसरा अली आदिलशाह वारला आणि अवघ्या चार-पाच वर्षांचा सिकंदर गादीवर आला. दख्खनी आणि अफगाण सरदारांचे गट एकमेकांवर उठले. कारभारी खवासखानाला १६७५ मध्ये बहलोलखानानं कैद केलं आणि पुढे त्याला मारण्यात आलं. डिसेंबर १६७७ मध्ये बहलोल वारला. मग अदोनीचा सिद्दी मसूद कारभारी झाला. राजधानीतच घर पेटलेलं, तर सुभ्याकडे कोण बघणार? सुभेदार आपापल्या मुलखात जवळजवळ स्वतंत्र झाले आणि स्थानिक देशमुखांचं महत्त्व वाढलं.

डफळे : जतचे देशमुख

जतच्या डफळे घराण्याचा उदय याच काळातला. डफळापूरच्या पाटीलकीपासून हे घराणं वर आलं. सटवाजीराव डफळे यांना आदिलशाहीच्या शेवटच्या काळात जत, करजगी आणि शेजारच्या महालांची देशमुखी मिळाली. विजापूर पडल्यावरही त्यांनी काही काळ मोगलांना दाद दिली नाही. शेवटी तडजोड झाली आणि औरंगजेबानं जत व करजगी हे महाल त्यांच्याकडे जहागीर म्हणून ठेवले.

इथे आम्ही विद्यार्थ्यांना नेहमी एक प्रश्न घालतो : विजापूरचा सुलतान गेला, दिल्लीचा बादशहा आला, मग जतमध्ये काय बदललं? वरचं नाव बदललं. देशमुख तोच, पाटील तोच, कुलकर्णी तोच, काझी तोच. नवीन सत्तेलाही मुलखाची माहिती असलेला माणूस लागतोच.

मोगल सुभा : कागदावर पक्का, जमिनीवर कच्चा

विजापूरचा वेढा एप्रिल १६८५ मध्ये सुरू झाला. १२ सप्टेंबर १६८६ ला सिकंदर आदिलशाह शरण आला. विजापूरला 'दारुज्जफर' म्हणजे विजयाचं घर असं नाव देऊन मोगलांनी त्याचा सुभा केला. दख्खनमध्ये मोगलांचे सहा सुभे झाले : खानदेश, वऱ्हाड, औरंगाबाद, बिदर, विजापूर आणि हैदराबाद.

मोगल पद्धतीत सुभेदाराला एकट्याला सगळी सत्ता नव्हती. फौज आणि बंदोबस्त सुभेदाराकडे, त्याला नाझिमही म्हणत. महसूल दिवाणाकडे, आणि दिवाण थेट बादशाही दिवाणाला जबाबदार. फौजेचे पगार आणि हजेरी बक्षीकडे. न्याय काझीकडे. सुभ्यात काय घडतंय ते बादशहाला परस्पर कळवायला वाकेनवीस. शिवाय सुभेदाराची थोड्या थोड्या वर्षांनी बदली. महमूद गावानला जे साधलं नाही, ते मोगलांनी नियमात बसवलं होतं.

पण नियम चालायला शांतता लागते. तीच नव्हती. संभाजी महाराजांना फेब्रुवारी १६८९ मध्ये मुकर्रबखानानं पकडलं आणि नंतर त्यांची हत्या झाली. राजाराम महाराज जिंजीला गेले. मराठी फौजा सगळीकडे पसरल्या. १६९० मध्ये जुना विजापुरी सरदार शर्जाखान, जो मोगलांकडे जाऊन रुस्तुमखान झाला होता, तो साताऱ्याजवळ मराठ्यांच्या हाती सापडला. १६९५ ते १६९९ खुद्द औरंगजेबाची छावणी भीमेकाठी ब्रह्मपुरीला होती, म्हणजे आजच्या मंगळवेढा तालुक्यात माचणूरजवळ. एवढी मोठी छावणी शेजारी असली की चारा, धान्य, बैल, लाकूड कुठून येणार? आसपासच्या गावांतूनच. त्यात विजापूरकडे १६८८ च्या सुमारास साथ आली, आणि १७०२ ते १७०४ मध्ये दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ पडला.

१७०७ मध्ये औरंगजेब वारला. त्याआधी त्यानं धाकटा मुलगा कामबक्ष याला विजापूरकडे रवाना केलं होतं. कामबक्षनं स्वतःला बादशहा म्हणवलं आणि जानेवारी १७०९ मध्ये हैदराबादजवळ भावाशी लढताना जखमी होऊन तो मेला.

एक मुलूख, दोन धनी

१७१९ साली दिल्लीहून बाळाजी विश्वनाथ शाहू महाराजांसाठी सनदा घेऊन आले. सहाही सुभ्यांतून चौथाई म्हणजे चौथा हिस्सा आणि सरदेशमुखी म्हणजे दहावा हिस्सा मराठ्यांनी वसूल करावा, असं ठरलं. सुभेदार मोगलांचाच. पुढे १७२४ मध्ये शकरखेड्याच्या लढाईनंतर निजामुल्मुल्क दख्खनचा खरा मालक झाला, तरी चौथाईचा वाद सुटला नाही.

गावाच्या बाजूनं याचा अर्थ काय? एकाच पिकावर दोन सरकारांचे कमाविसदार. एकानं वसुली केली आणि दुसरा दारात उभा. पावती एका सरकारची दाखवली तर दुसरं मानेलच असं नाही. 'दुअंमली' हा शब्द मराठीत याच अनुभवातून आला : दोन अंमल, दोन धनी.

हळूहळू पारडं झुकलं. १७३९ मध्ये शाहू महाराजांनी मिरजेचा किल्ला घेतला, पुढे तो पटवर्धनांकडे गेला. ३ फेब्रुवारी १७६० च्या उदगीरच्या लढाईनंतर निजामानं विजापूरही पेशव्यांना दिलं. पेशव्यांच्या कारभारात सुभेदार, सरसुभेदार, मामलतदार, कमाविसदार हेच शब्द राहिले. हुद्द्यांची नावं फारसीच होती, माणसं बदलली. मिरजेच्या हजरत ख्वाजा शमशुद्दीन मीरासाहेबांच्या दर्ग्याचा उरूस मात्र सगळ्या सत्तांखाली सुरू राहिला आणि आजही तिथं सर्व जातिधर्मांचे लोक येतात.

इंग्रज : मुंबईचा गव्हर्नर आणि जतचा करार

१८१८ मध्ये पेशवाई संपली. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन आधी दख्खनचा कमिशनर आणि १८१९ ते १८२७ मुंबईचा गव्हर्नर होता. सातारचं राज्य प्रतापसिंह महाराजांना दिलं, तिथं कॅप्टन जेम्स ग्रँट डफ पोलिटिकल एजंट. विजापूर शहरही तेव्हा सातारा राज्यात होतं. १८२० मध्ये सातारच्या जहागीरदारांशी इंग्रजांनी करार केले, त्यात जतचे डफळेही होते. अक्कलकोट, औंध, भोर, फलटण, जत, डफळापूर हे 'सातारा जहागीरदार' म्हणून ओळखले जाऊ लागले.

जतची नंतरची कहाणी कर्जाची आहे. १८२७ मध्ये कर्ज फेडण्यासाठी सातारच्या राजांनी जहागीर जप्त केली, ती १८४१ मध्ये परत दिली. प्रजेवर जुलूम झाल्याच्या तक्रारींमुळे १८७४ ते १८८५ इंग्रजांनी कारभार स्वतःकडे घेतला. पुढे विजापूरचा कलेक्टर हाच जतचा पोलिटिकल एजंट असे, म्हणजे पुन्हा विजापूरच. १९०१ च्या जनगणनेत या संस्थानात साठ हजारांवर माणसं होती.

१८३९ मध्ये गव्हर्नर कारनॅकनं प्रतापसिंहांना पदच्युत केलं. १८४८ मध्ये त्यांचे भाऊ शहाजी वारले तेव्हा राज्य खालसा करावं का, यावर मुंबईतच मतभेद होते. गव्हर्नर जॉर्ज क्लार्क खालसा करण्याच्या विरोधात होता, त्याच्या जागी आलेल्या फॉकलंडनं पाठिंबा दिला. सातारा गेलं. एका गव्हर्नरची मुदत संपून दुसरा आला, एवढ्यानं एका राज्याचा निकाल कसा वेगळा लागू शकतो, त्याचा हा नमुना.

त्यानंतर १८५२ च्या कायद्यानं इनाम कमिशनला बळ मिळालं. प्रत्येक इनामदाराला सांगितलं गेलं : सनद दाखवा. ज्यांच्याकडे आदिलशाही फर्मान, मोगल परवाना किंवा पेशव्यांची सनद जपलेली होती, ते तरले. ज्यांचे कागद वाळवीनं खाल्ले किंवा पळापळीत हरवले, त्यांच्या जमिनी गेल्या. यात मशिदी आणि दर्ग्यांच्या जमिनी होत्या, तशाच देवळांच्या आणि मठांच्याही होत्या.

स्वातंत्र्यानंतर : राज्यपाल

१९४३ नंतर सातारा भागात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं होतं. तेव्हा मुंबईत निवडून आलेलं मंत्रिमंडळच नव्हतं, १९३९ पासून गव्हर्नरचा थेट अंमल होता. गव्हर्नरच्या हाती सगळी सत्ता असण्याची आपल्या भागातली ही शेवटची लांब मुदत. ८ मार्च १९४८ ला जत मुंबई प्रांतात विलीन झालं. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला, १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. १ नोव्हेंबर १९५६ ला विजापूर म्हैसूर राज्यात गेलं आणि जत-विजापूर यांच्यामध्ये राज्याची सीमा आली. २०२२ मध्ये जतच्या काही गावांवर कर्नाटकनं हक्क सांगितला, तेव्हा देशभर बातम्या झाल्या. गावकऱ्यांची तक्रार मात्र एकच होती : पाणी. म्हैसाळ योजनेचं पाणी पूर्व भागाला कधी मिळणार?

आजचा राज्यपाल सुभेदाराचा वारस आहे का? अर्धा आहे. घटनेच्या कलम १५५ नुसार त्याची नेमणूक राष्ट्रपती करतात आणि कलम १५६ नुसार राष्ट्रपतींची मर्जी असेतोवर तो पदावर राहतो. हे जुन्यासारखंच. पण फौज, महसूल, न्याय यांतलं काहीच त्याच्या हातात नाही. निवडून आलेल्या मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं त्याला चालावं लागतं. महाराष्ट्राच्या राज्यपालांवर कलम ३७१(२) खाली विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्राच्या विकास मंडळांची खास जबाबदारी आहे. जत 'उर्वरित महाराष्ट्रा'त येतं. या मंडळांची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली.

महाराष्ट्राच्या राज्यपालपदी मुस्लिम व्यक्तीही होऊन गेल्या : अली यावर जंग (१९७१ ते १९७६), सादिक अली (१९७७ ते १९८०), हवाई दलाचे माजी प्रमुख इद्रीस हसन लतीफ (१९८२ ते १९८५) आणि मोहम्मद फजल (२००२ ते २००४). सामान्यज्ञानाच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांनी हे लिहून ठेवावं.

मापदंड कोणता?

सुभेदाराचा धर्म बघून त्याला चांगला-वाईट ठरवायची सवय दोन्ही बाजूंना लागली आहे. आपल्या परंपरेत मोजमाप वेगळं आहे. हजरत उमर (रजि.) प्रांताचा वाली नेमताना त्याच्या मालमत्तेची नोंद करून घेत आणि पद सोडताना वाढ दिसली तर जाब विचारत. हजरत अली (रजि.) यांनी इजिप्तसाठी नेमलेल्या मालिक अश्तर यांना लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. त्यात साऱ्यापेक्षा जमीन आबाद राहण्याकडे लक्ष देण्याची सूचना आहे.

हे माप सगळ्यांना सारखं लावावं. ज्यानं तलाव बांधला, दुष्काळात सारा सोडला, निवाड्यात दोन्ही पक्षांचं ऐकलं, तो चांगला प्रांताधिकारी, मग तो तरफदार असो, कमाविसदार असो वा कलेक्टर. मुहम्मद आदिलशाहाच्या काळात विजापूरला १६५१ च्या सुमारास बेगम तलाव झाला. ज्यांनी फक्त लुटलं, त्यांची नावं आपण 'आपला माणूस' म्हणून मिरवायची गरज नाही.

घरातले कागद सांभाळा

शेवटी कामाचं. आपल्या भागात अजूनही काही घरांत, दर्ग्यांत आणि मशिदींत जुन्या सनदा कापडात गुंडाळून ठेवलेल्या असतात. काही फारसीत, काही मोडीत. बरकतीचा कागद म्हणून अगरबत्ती लावली जाते, वाचत कुणी नाही. १९५२ च्या कायद्यानं मुंबई राज्यातली वैयक्तिक इनामं संपली, पण धार्मिक संस्थांची इनामं त्यातून वगळलेली होती. म्हणून वक्फ आणि देवस्थानच्या जमिनींच्या दाव्यांत जुना कागद आजही उपयोगी पडू शकतो.

तेव्हा तीन गोष्टी करा. कागदाचा दोन्ही बाजूंनी स्वच्छ फोटो काढा आणि घरातल्या दोघांकडे ठेवा. मूळ कागदाला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन करू नका, ओलाव्यापासून लांब ठेवा. मोडी आणि फारसी वाचणाऱ्या जाणकाराकडून त्याचं वाचन करून घ्या. पुणे आणि कोल्हापूर इथल्या सरकारी पुराभिलेखागारांत जुनी दफ्तरं आहेत, आपल्या कागदाची जोडनोंद तिथं सापडू शकते. त्यासाठी गाव, परगणा आणि त्या वेळच्या अंमलदाराचा हुद्दा ठाऊक असावा लागतो. कोणत्या काळात कोणाचा अंमल होता, हे त्यासाठीच वर सविस्तर दिलं आहे.